परवानगी कोणाची? स्वातंत्र्यवादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वातंत्र्यवाद म्हणजे नेमके काय?

दुसऱ्याच्या देहाला किंवा मालमत्तेला धक्का न लावता प्रौढ माणसाला जे करायचे असेल ते करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागू नये, आणि लागत असेल तर ती का लागते हे पटवून देण्याचे ओझे त्याच्यावर नव्हे, तर परवानगीची अट घालणाऱ्या सरकारवर असावे, एवढाच या विचाराचा गाभा आहे. ‘लिबर्टेरियन’ या शब्दासाठी मराठीत ‘स्वातंत्र्यवादी’ आणि ‘स्वतंत्रतावादी’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. शेतकरी चळवळीत वाढलेली माणसे ‘खुली व्यवस्था’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्यांचा शब्द अधिक चांगला आहे, कारण त्याला कोणत्याही ‘वादा’चा वास नाही.

रानडे-गोखल्यांच्या उदारमतवादाशी या विचाराचे नाते आहे, पण दोन्ही एक नाहीत. देशी उद्योगांना सरकारने हात द्यावा असे रानड्यांचे मत होते. तोच हात पुढे गळ्याशी येईल की काय, ही धास्ती स्वातंत्र्यवाद्याला कायम असते.

हा विचार उजवा की डावा?

कांद्याची निर्यात खुली करा असे म्हटले की समोरचा माणूस आपल्याला उजवा ठरवतो, आणि राजद्रोहासारखी कलमे रद्द करा असे म्हटले की तोच माणूस संध्याकाळपर्यंत आपल्याला डावा ठरवून मोकळा होतो. आपल्याकडे काय बोलावे, काय खावे, कोणाशी लग्न करावे याबाबत मोकळीक मागणारे लोक बहुधा काय पिकवावे, कोणाला आणि काय भावाने विकावे यावर सरकारचे नियंत्रण मागतात; व्यापाराला मोकळीक मागणारे लोक बहुधा शेजाऱ्याच्या ताटात आणि पुस्तकात डोकावण्याचा हक्क सरकारला देऊ पाहतात. स्वातंत्र्यवाद्याचे म्हणणे असे, की खिशावरचे बंधन आणि तोंडावरचे बंधन ही वेगळी करता येत नाहीत.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण वर्तमानपत्राच्या कागदाचे आहे. परकीय चलन वाचवायचे म्हणून सरकार आयात कागदाचा कोटा ठरवून देत असे, आणि १९७२-७३ च्या धोरणात वर्तमानपत्राने दहापेक्षा अधिक पाने काढू नयेत अशी अटही होती. वरवर पाहता हा केवळ आयातीचा प्रश्न होता, पण किती छापायचे हे ठरवणाऱ्याच्या हाती काय छापले जाईल हेही हळूहळू येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात ही मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवली. ज्यांना केवळ अर्थकारण खुले हवे आहे किंवा केवळ वाणी खुली हवी आहे, त्यांनी या निकालावर थोडा विचार करावा.

हा अमेरिकेतून आणलेला विचार नाही का?

अमेरिकेतला लिबर्टेरियन पक्ष १९७१ च्या डिसेंबरात स्थापन झाला. त्याच्या बारा वर्षे आधी, १९५९ मध्ये, आपल्याकडे स्वतंत्र पक्ष उभा राहिला होता. त्या वर्षीच्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला आणि शेतकऱ्याची जमीन जाणार या भीतीने चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, प्रा. रंगा आणि कन्हैयालाल मुन्शी अशी एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे एकत्र आली. ‘लायसन्स-परमिट-कोटा राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचाच. १९६२ मध्ये या पक्षाला लोकसभेत १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळाल्या. १९७१ च्या लाटेत तो आठांवर आला आणि तीन वर्षांत दुसऱ्या पक्षात विलीन झाला. संस्थानिक आणि उद्योगपती यांच्या आधारावर उभा राहिल्याने त्याच्यावर ‘श्रीमंतांचा पक्ष’ हा शिक्का बसला, आणि तो शिक्का पुसण्यासाठी त्याने फारसे काही केलेही नाही.

महाराष्ट्रात हा विचार बांधावर आला तो शरद जोशी यांच्यामुळे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत चांगल्या पदावर असताना ती नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले आणि घरच्या हिशोबवहीतूनच त्यांना दिसले, की पीक चांगले येऊनही शेती तोट्यात जाते त्याचे कारण निसर्ग नसून धोरण आहे. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत सबसिडी मागितलेली नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. निर्यातबंदी, लेव्ही (सरकारला ठरल्या भावाने सक्तीची विक्री) आणि जिल्हाबंदी (माल जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई) यांनी सरकार शेतकऱ्याच्या खिशातून जे काढून घेते ते खत-विजेच्या सवलतींपेक्षा मोठे आहे, म्हणजेच भारतीय शेतकऱ्याला मिळते ती ‘उणे सबसिडी’ आहे, असा त्यांचा मुद्दा होता. डोक्यावर बसलेल्याने खाली उतरावे, एवढीच मागणी होती.

आणि पैशाचा विषय बाजूला ठेवला तरी र. धों. कर्वे आपलेच आहेत. संततिनियमन आणि स्त्री-पुरुष संबंध यांवर १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, अश्लीलतेचे खटले अंगावर घेत होते. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला कर्वे हरले, पण मासिक काढायचे थांबले नाहीत.

कांद्याच्या प्रश्नाला स्वातंत्र्यवादी एवढे महत्त्व का देतात?

कारण परवानगीचे राज्य कसे चालते हे पाहायचे असेल तर कांद्याइतकी चांगली शाळा नाही. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हाताने उकरून पाहतो, चोळून त्याची पत्ती बघतो, पुकारा होतो आणि चार महिन्यांच्या कष्टाचा भाव मिनिटभरात ठरतो. मग वजन, हमाली, तोलाई वजा होऊन हातात हिशोबपट्टी येते. या सगळ्या व्यवहारात शेतकऱ्याला जे काही कळते त्याच्या पलीकडे, दिल्लीत निघालेली एक अधिसूचना रात्रीतून तो भाव बदलू शकते.

२०२३ चेच पाहा. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले आणि शेतकरी रस्त्यावर आले. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच असल्याचे सांगितले होते. ती संपण्याआधीच पुढे ढकलली गेली. एप्रिलमध्ये गुजरातेतल्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची सवलत मिळाली, तेव्हा महाराष्ट्रातला शेतकरी अधिकच संतापला. ४ मे रोजी, नाशिक-दिंडोरीचे मतदान तोंडावर आले असताना, बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचे किमान मूल्य लावूनच. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

यात दोन हजार टनांचा किस्सा मला सर्वांत बोलका वाटतो. सरकारला बंदी घालण्याचा अधिकार एकदा दिला, की सवलत देण्याचाही अधिकार आपोआप येतो, आणि मग शेतकऱ्याचे भवितव्य कांद्याच्या प्रतीवर न ठरता दिल्लीत कोणाचे वजन किती यावर ठरते. स्वातंत्र्यवाद्याची तक्रार अमुक मंत्री शेतकरीविरोधी आहे अशी नसते. त्या खुर्चीत कोणीही बसला तरी त्याच्या हाती ही कळ नसावी, अशी असते.

बाजार खुला केला तर भाव पडणार नाहीत, याची हमी काय?

हमी अजिबात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे निर्यातशुल्क लागण्याच्या आधी, सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि वाहतूक-हमाली वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ‘उलटी पट्टी’ हा शब्द ज्या भाषेत आहे, म्हणजे माल विकून वर शेतकऱ्यालाच पैसे भरावे लागण्याची वेळ ज्या भाषेला ठाऊक आहे, तिच्यात बाजाराचे गोडवे जपून गावेत. आवक वाढली की भाव पडतात, आणि खुल्या बाजारातही पडतील.

फरक एवढाच, की मंदी सोसणाऱ्याला तेजीचा फायदा घेऊ दिला जात नाही. कांदा दोन रुपये किलो असताना सरकार ‘हा बाजार आहे’ म्हणते आणि साठ रुपये झाला की ‘ग्राहकांचे हित’ आठवते. तोटा खाजगी आणि नफा सार्वजनिक ही व्यवस्था बाजाराची नाही. साठवणूक, प्रक्रिया, वायदेबाजार यांत पैसा घालायला कोणी धजत नाही याचेही मोठे कारण हेच आहे. उद्या साठ्यावर मर्यादा आली तर बांधलेल्या गोदामाचे करायचे काय, हा प्रश्न व्यापाऱ्यालाही पडतो. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा त्याच्या डोक्यावर टांगलेला असतो.

मग २०२० च्या कृषी कायद्यांना पाठिंबा होता का?

मुख्य तरतुदींना होता, पद्धतीला नव्हता. बाजार समितीच्या आवाराबाहेर विक्रीची मुभा ही शेतकरी संघटनेची जुनी मागणी होती. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला तेव्हा आकाश कोसळले नव्हते. पण जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, वटहुकूम काढून आणि सप्टेंबरात राज्यसभेत आवाजी मतदानाने रेटून नेलेला कायदा स्वातंत्र्यासाठी आहे असे सांगणे विसंगत होते. शिवाय त्याच सप्टेंबरात याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शेतमाल व्यापार खुला करतो असे म्हणणाऱ्याने दुसऱ्या हाताने तो बंद केल्यावर पंजाबातल्या शेतकऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? या कायद्यांच्या अभ्यासासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीचा अहवाल सरकारने आणि न्यायालयाने प्रसिद्ध न केल्याने त्यांनी तो मार्च २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केला. तोवर कायदे रद्द होऊन चार महिने झाले होते.

सहकाराला स्वातंत्र्यवाद्यांचा विरोध आहे का?

मुळीच नाही. माणसांनी आपणहून एकत्र येऊन कारखाना काढणे यासारखी खुल्या व्यवस्थेला मानवणारी दुसरी गोष्ट नाही. विरोध आहे तो सरकारी भागभांडवल, सरकारी थकहमी आणि हवाई अंतराच्या अटीला. महाराष्ट्रात एका साखर कारखान्यापासून २५ किलोमीटरच्या हवाई अंतरात दुसरा कारखाना काढता येत नाही, त्यामुळे उसाचा तोडणी कार्यक्रम लांबला किंवा काट्यात मारले तरी शेतकऱ्याला जवळ दुसरे दार नसते. केंद्र सरकारनेच नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये अंतराची अट काढून टाकण्याची शिफारस केली होती.

मालमत्तेच्या हक्कावर एवढा भर का? तो तर श्रीमंतांचा हक्क आहे.

श्रीमंताला मालमत्ता राखण्यासाठी हक्काची फारशी गरज नसते. त्याच्याकडे वकील असतो आणि मंत्र्याचा फोन नंबर असतो. कागदावरच्या हक्काची गरज तीन एकरवाल्याला आणि फुटपाथवर प्लास्टिक अंथरून भाजी विकणाऱ्या बाईला असते. कोणत्याही मोठ्या स्टेशनबाहेर संध्याकाळी उभे राहावे. ‘गाडी आली’ अशी आरोळी उठते आणि क्षणात चादरीची चार टोके गोळा करून माणसे गल्लीत पळतात. मागे राहिलेला माल पालिकेच्या गाडीत जातो. त्या पथाऱ्यांवरचा माल त्यांच्या मालकीचा आहे, त्यांनी तो रोख पैसे देऊन घेतला आहे, हे त्या क्षणी कोणाच्याही गावी नसते. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्रीय कायदा झाला खरा, पण सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रे यांच्या फेऱ्यात बहुतेक फेरीवाले अजून ‘अनधिकृत’च आहेत, आणि अनधिकृत माणूस हप्त्याला नाही म्हणू शकत नाही.

राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूळचा मूलभूत होता. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण केले आणि त्यात टाकलेले कायदे मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देण्यापलीकडे गेले. सुरुवातीच्या तेरा कायद्यांत दुसऱ्या क्रमांकावर १९४८ चा मुंबई कूळ कायदा होता. पुढे ही संख्या २८४ वर गेली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून अनुच्छेद ३००-अ मध्ये नेऊन ठेवला. इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे, की कूळ कायद्याने कोकणात आणि अन्यत्र असंख्य कसणाऱ्यांना जमिनीचे मालक केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याचा त्या जमिनीवरचा दावा खोताच्या दाव्यापेक्षा स्वातंत्र्यवादी कसोटीवरही कमकुवत नव्हता. वाईट झाले ते हे, की त्या एका चांगल्या कारणासाठी उघडलेल्या दारातून पुढे वाटेल ते आत आले.

मुंबईतल्या पागडीच्या घरांबद्दल स्वातंत्र्यवाद्यांची भूमिका काय आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत भाडेकरूही असतात आणि घरमालकही, आणि दोघांनाही उत्तर अर्धेच आवडते.

युद्धकाळात शहरात माणसे लोटली तेव्हा भाडी रोखून धरण्यात आली आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. गिरगाव, लालबाग, दादरच्या इमारतींत आजोबांच्या नावाची भाडेपावती नातवाच्या कपाटात जपून ठेवलेली असते, तिच्यावरचा आकडा वडापावच्या काही प्लेटींइतका असतो. एवढ्या भाड्यात घरमालक जिना दुरुस्त करत नाही, गच्ची गळते, टेकू लागतात आणि दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. बाजाराला मागच्या दाराने यावे लागले ते पागडीच्या रूपाने. खोली मिळवण्यासाठी भाडेकरूने एकरकमी मोठी रक्कम दिली, पुढे ती खोली दुसऱ्याला देताना साधारण तिसरा हिस्सा मालकाने घेतला, आणि हे सारे १९९९ च्या कायद्याने मान्य करेपर्यंत बेकायदा होते. त्यामुळे पागडीचा भाडेकरू फुकट राहतो असे म्हणणे चुकीचे आहे. त्याने पैसे मोजले आहेत, फक्त कायद्याने त्याला पावती मिळू दिली नाही.

पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती होऊन अशी सोय झाली, की उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारने ती इमारत ताब्यात घ्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट भरपाई द्यावी. म्हणजे आधी कायद्याने भाडे गोठवायचे आणि मग त्या गोठवलेल्या भाड्यावर इमारतीची किंमत काढायची. शंभर रुपये भाड्याच्या खोलीमागे दहा हजार रुपये. मुंबईतल्या घरमालकांनी याविरुद्ध केलेली याचिका १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होती आणि तिच्यातूनच ५ नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९ (ब) मधली, म्हणजे सरकारने जिचे वाटप लोकहितासाठी करावे असे घटना सांगते ती, ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. देशभर गाजलेल्या या निकालाच्या मुळाशी चाळीचा जिना आहे, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाही.

भूमिका म्हणाल तर अशी: पागडी देऊन घेतलेला हक्क हा करार आहे आणि तो पाळला गेला पाहिजे, पुनर्विकासात मालक आणि भाडेकरू यांनी आपापसांत वाटणी ठरवावी, आणि यापुढचे कोणतेही भाडे सरकारने ठरवू नये. शहर तसेही अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जगते आहे, कारण त्या करारात भाडेकरू कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतो. अर्जेंटिनात हावियेर मिलेई यांच्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये भाडेकायदा रद्द केल्यानंतर राजधानीत भाड्याच्या घरांची उपलब्धता झपाट्याने वाढली. मिलेईंच्या सगळ्याच कारभाराचे समर्थन करण्याची माझी तयारी नाही, त्यांचे क्रिप्टो-प्रकरण तर अजिबातच नाही. पण हा दाखला उपयोगी आहे.

जातिव्यवस्थेपुढे हा विचार तोकडा पडत नाही का?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर महाडमध्येच शोधावे लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला, त्यातले म्हणणे असे की तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. म्हणजे ज्या मालमत्तेच्या हक्काचा आम्ही कैवार घेतो त्याचीच ढाल करून माणसाला पाणी नाकारले गेले होते. हे विसरून जो स्वातंत्र्यवादी ‘माझी मालमत्ता, माझी मर्जी’ एवढेच म्हणतो त्याच्याशी आमचे जमत नाही. मालकी आली कुठून, ती कष्टाने आली की बहिष्काराच्या जोरावर, हे तपासल्याशिवाय तिचा हक्क पवित्र ठरत नाही. जातीचा बहिष्कार कधीच ऐच्छिक नव्हता. त्यामागे लाठी होती.

आंबेडकरांनी १९४७ मध्ये राज्य समाजवादाची मांडणी केली होती हे खरे. आणि १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांची ‘समाजवादी’ शब्द घालण्याची सूचना त्यांनीच नाकारली हेही खरे. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवायचे, ते घटनेतच बांधून टाकणे म्हणजे लोकशाही नष्ट करणे होय, असे त्यांनी सांगितले.

दुसरी बाजूही बघावी. महार वतनाच्या जमिनी वतन खालसा झाल्यानंतर धारकांना परत मिळाल्या त्या ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून. सात-बारावर नाव आहे, पण विकायची किंवा बिगरशेती करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा. संरक्षणासाठी घातलेल्या या अटीचा फायदा कागदपत्रे ‘करून देणाऱ्या’ दलालांनी किती उठवला, हे पुण्या-ठाण्याच्या आसपासच्या कोणत्याही गावात विचारून पाहावे. ज्याला पूर्ण मालकीची सर्वाधिक गरज होती त्यालाच अर्धी मालकी मिळाली.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा नकोतच का?

हिंसेची प्रत्यक्ष चिथावणी, धमकी आणि खोटी बदनामी यांना मर्यादा हव्यात. भावना दुखावणे ही मर्यादा असू शकत नाही, कारण दुखावलेल्याच्या संख्येवर गुन्हा ठरू लागतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे एकीने फेसबुकवर लिहिले होते आणि दुसरीने त्याला ‘लाइक’ केले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली ही अटक झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यानंतर सहा वर्षांनीही त्या रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे समोर आले, तेव्हा न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखवले. कायदा पुस्तकातून गेला तरी ठाण्यातून जायला वेळ लागतो.

जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकाबद्दल ‘ते माओवाद्यांसाठी आहे, तुम्हाला काय त्याचे’ असे विचारले जाते. त्यातल्या बेकायदा कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा मोडण्यास प्रोत्साहन देणे किंवा तसा प्रचार करणेही येते. आता हे आठवा: १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोटजवळ शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक-सहनशील बीटी कापसाचे परवानगी नसलेले बियाणे जाहीरपणे, निमंत्रण देऊन पेरले. माझ्या शेतात काय पेरायचे हे मी ठरवीन, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे कायदेभंगाला प्रोत्साहन नाही तर काय आहे? लोकमान्यांना १९०८ मध्ये सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवणाऱ्या कलमातले शब्दही असेच सैल होते.

दारू, गोमांस, डान्सबार यांचे तरी समर्थन कशाला?

समर्थन त्या गोष्टींचे नाही, त्या करणाऱ्या प्रौढ माणसाच्या अधिकाराचे आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्याखाली दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो, पण बिअर प्यायला एकवीस आणि व्हिस्की प्यायला पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आणलेली दारूबंदी सहा वर्षांनी मागे घ्यावी लागली, कारण बंदीत दारू थांबली नाही, फक्त तिचे विक्रेते बदलले. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बाईचे दुःख यात हलके करण्याचा हेतू नाही; मारहाणीला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती मारहाणीलाच झाली पाहिजे.

गोवंशाचा प्रश्न महाराष्ट्रात खाणाऱ्याइतकाच पोसणाऱ्याचाही आहे. १९९५ च्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. काम होईनासे झालेला बैल दावणीला उभा राहून वैरण खातो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याला पोसण्याचा खर्च कायदा करणाऱ्यांपैकी कोणी उचलत नाही. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, ते खाजगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाच्या वर्षभर आधी.

‘लाडकी बहीण’सारख्या योजनांना विरोध आहे का?

इतर खर्चांच्या तुलनेत कमी. महिना १५०० रुपये थेट खात्यात गेले तर त्यांचे काय करायचे हे ती बाई ठरवते. साडी, भांडी किंवा शिलाई यंत्र देणाऱ्या योजनेत ते टेंडर काढणारा ठरवतो. आक्षेप आहे तो पैसा कुठून येतो याविषयी मौन पाळण्यावर, निवडणुकीच्या तीन-चार महिने आधी अर्जांची छाननी न करता पैसे वाटण्यावर आणि मतदान झाल्यावर अपात्रांच्या याद्या काढण्यावर. शिवाय ज्या घरात हे पंधराशे रुपये येतात त्याच घरातल्या कांद्याचे भाव पाडून किती काढून घेतले, हा हिशोब त्याच पट्टीवर लिहिला जावा.

मग सरकारने करायचे तरी काय?

पोलीस, न्यायालये, संरक्षण, रस्ते, साथीच्या रोगांचा बंदोबस्त आणि जमिनीच्या अचूक नोंदी. सरकारच नको म्हणणारेही या विचारात आहेत. मी त्यांतला नाही. दिवाणी दावा लावणाऱ्याचा निकाल त्याच्या मुलाला ऐकायला मिळतो अशा राज्यात सरकार फार मोठे आहे असे म्हणण्यापेक्षा, ते जिथे हवे तिथे नाही असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

अशा विचाराचा पक्ष निवडणुकीत का दिसत नाही?

एक कारण उघड आहे: सवलत वाटणाऱ्याला मते मिळतात, सवलत वाटण्याचा अधिकारच सोडून देऊ म्हणणाऱ्याला मिळत नाहीत. शरद जोशींच्या सभांना लाखोंची गर्दी होई आणि १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षाच्या पेटीत त्या गर्दीतला लहानसा हिस्साच उतरे.

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून लागू झालेल्या २९-अ कलमानुसार, नोंदणी करू पाहणाऱ्या प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे नमूद करावे लागते. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या उरलेल्या कार्यकर्त्यांनी एस. व्ही. राजू यांच्या पुढाकाराने या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या उद्देशिकेतला ‘समाजवादी’ शब्द काढण्याच्या याचिका फेटाळताना हा शब्द खाजगी उद्योगाच्या आड येत नाही असे म्हटले. २९-अ मधली अट मात्र जशीच्या तशी आहे, आणि नोंदणीचा अर्ज निवडणूक आयोगाकडे जातो तेव्हा त्यासोबत ते वाक्य असलेली घटना जोडावीच लागते.